लोरेटा मझूरची आद्याक्षरं

अकराच्या मुलाखतीला लोरेटा मझूर पावणेअकराला पोचली आणि साडेअकरा वाजले तरी तिला कुणी आत बोलावलं नाही. दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत ती बसली होती. दार उघडलं की सरोवरावरचा वारा थेट पोटऱ्यांना झोंबायचा. बुटांचा बर्फ वितळून फरशीवर डबकं झालं होतं, आणि टेबलामागची मुलगी त्या डबक्याकडे असं बघत होती की जणू लोरेटानं ते घरून डब्यात भरून आणलंय.

"तुम्ही तात्पुरत्या जागेसाठी ना?" मुलीनं विचारलं.

"हो."

"मग थांबा. आधी कायमच्या लोकांची मीटिंग आहे."

कायमच्या लोकांची म्हणे! लोरेटा अठ्ठावन्न वर्षांची होती आणि एरी शहरात कायमचं काय असतं हे तिनं पुरेपूर पाहिलं होतं. कागदाची गिरणी कायमची होती. ज्या वर्तमानपत्राच्या कॉपी डेस्कवर, म्हणजे छापण्याआधी मजकूर तपासणाऱ्या विभागात, तिनं सव्वीस वर्षं काढली, ते 'लेक कुरिअर' तर तिच्या आजोबांच्या आधीपासून कायमचं होतं. एके दिवशी मालकांनी सगळं डेस्क उचलून दुसऱ्या राज्यात नेलं आणि चौदा माणसांच्या हातात एकेक पुठ्ठ्याचं खोकं दिलं. खोक्यात आपापले कॉफीचे मग भरून सगळे घरी गेले.

त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून लोरेटा पीच स्ट्रीटवरच्या किराणा दुकानात काउंटरमागे उभी राहून हॅमचे काप काढत होती. कामाची तिला लाज नव्हती. राग मात्र होता, आणि तो हॅमसारखा शिळा होत नव्हता. दुकानातल्या पाट्यांवरच्या चुका ती खडूनं दुरुस्त करायची, म्हणून मॅनेजरनं तिला दोनदा समज दिली होती.

आता ही अकरा आठवड्यांची जागा निघाली होती. हॅलिडे-क्रोन ही कंपनी बॉयलर आणि वाफेच्या यंत्रांची माहितीपुस्तकं तयार करून द्यायची. इथली कॉपी एडिटर बाळंतपणाच्या रजेवर चालली होती. तिच्या खुर्चीत बसून, इंजिनिअर लोकांनी लिहिलेलं माणसांना कळतंय का, आणि खरं आहे का, एवढं बघायचं. पोट तर हॅम कापूनही भरत होतं. लोरेटाला या कंपनीकडून अकरा आठवड्यांनी एक पत्र हवं होतं. 'लोरेटा मझूर नीट वाचते' असं कुणीतरी कागदावर लिहून द्यायला हवं होतं. कारण या धंद्यात, या शहरात, तिचं नाव एकाच गोष्टीसाठी लोकांच्या लक्षात होतं, आणि ती गोष्ट बरोबर उलटी होती.

सहा वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी दुपारी कुरिअरच्या डेस्कवर केक कापणं चाललं होतं. खेळाच्या पानाचा म्हातारा संपादक निवृत्त होत होता. रविवारचं स्थानिक बातम्यांचं पान दोन वाजता छपाईला जायचं होतं. डेस्कची रीत अशी, की प्रत्येक पानाच्या प्रूफवर दोघांची आद्याक्षरं पाहिजेत: आधी डेस्कप्रमुखाची, मग कॉपी एडिटरची. अक्षरं म्हणजे 'मी हे पान वाचलं'. आणि शेवटची अक्षरं ज्याची, पान त्याचं. काही झालं तर मान त्याची. डेस्कप्रमुख ड्वाइट हॅनलन एका हातात केकची बशी आणि दुसऱ्या हातात प्रूफ घेऊन आला. प्रूफवर 'डी. एच.' होतं. "मझूर, अक्षरं टाक, छपाईवाले बोंबलतायत," तो म्हणाला. लोरेटानं त्याची अक्षरं पाहिली, खाली 'एल. एम.' लिहिलं आणि केक खायला गेली.

असं सगळेच करायचे. घाई असली की एकमेकांच्या अक्षरांवर विसंबून पानं सुटायची. सव्वीस वर्षांत लोरेटानं असं मोजून तीनदा केलं होतं, आणि तिसऱ्यांदा ती मेली.

रविवारी सकाळी अख्ख्या शहरानं ते पाहिलं. शाळेची बस दारू पिऊन चालवणाऱ्या एका माणसाला अटक झाल्याची बातमी होती, आणि बातमीत फोटो होता डेलबर्ट रूलचा. रूलही बसच चालवायचा, पण वीस वर्षांत त्यानं साधा ओरखडा काढला नव्हता. बस कंपनीनं त्याबद्दल त्याला पदक दिलं, त्या समारंभातला तो फोटो. पठ्ठ्या गळ्यात पदक घालून हसत होता. दारुड्याच्या बातमीत पदकवाला माणूस कसा, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मंगळवारी दुसऱ्या पानावर चार ओळींची दुरुस्ती आली. दुरुस्ती कोण वाचतो? आया रूलच्या बसमध्ये पोरं चढवेनात. त्याच वसंतात त्यानं बस सोडली.

चौकशी झाली. शेवटची अक्षरं लोरेटाची, म्हणून खापर तिच्या डोक्यावर फुटलं. हॅनलन मूग गिळून बसला. लोरेटाही काही बोलली नाही. 'मी वाचलंच नव्हतं' असं सांगितलं असतं तर त्या रीतीपायी सगळं डेस्क गोत्यात आलं असतं. नोकरी राहिली, पण नाव 'रूलवाली मझूर' असं पडलं. तिला एकाच गोष्टीचा उलगडा कधी झाला नाही. हॅनलनची नजर घारीची. त्याच्या नजरेतून स्वल्पविराम सुटायचा नाही. पान वाचूनही त्याला ते पदक दिसलं कसं नाही? या प्रश्नापायी ती सहा वर्षं त्याला पाण्यात पाहत आली होती.

डेलबर्ट रूल मात्र तिला दर गुरुवारी भेटायचा. काउंटरवर यायचा, पातळ कापलेलं अर्धा पाउंड हॅम मागायचा, "उपकार झाले, मॅडम" म्हणायचा आणि जायचा. ते पान सोडणारी 'एल. एम.' म्हणजे हीच, हे त्याला ठाऊक नव्हतं; ते नाव धंद्यातल्या लोकांतच फिरलं होतं.

"लोरेटा मझूर?"

दारात एक तिशीची बाई उभी होती, कोर्टनी आयव्हर्सन, इथली व्यवस्थापक. आवाज मधाळ, नजर घड्याळावर. तिच्यामागे, हातात जाड पेन घेऊन, ड्वाइट हॅनलन उभा होता.

लोरेटाच्या अंगाचा तिळपापड झाला. उठून सरळ बाहेर पडावं असं तिला वाटलं. पण बाहेर बर्फ होता आणि बस पाऊण तासानं होती.

आत बसल्यावर कोर्टनी म्हणाली, "हे ड्वाइट, आमचे संपादन विभागाचे प्रमुख."

"आमची ओळख आहे," हॅनलन म्हणाला.

"अरे वा! कुठली?"

"कुरिअरमध्ये हे माझे साहेब होते," लोरेटा म्हणाली. "डेस्क बुडालं, साहेब तरंगले."

कोर्टनी हसली, कारण हसायचं की नाही ते तिला कळलं नाही. हॅनलन हसला नाही. त्यानं लोरेटाचा अर्ज असा उचलला की जणू त्याला वास येतोय.

"तीन वर्षं काय करतेयस?"

"हॅम कापते. लिहिलंय त्यात. वाचलं नाहीस का?"

"वाचलं. खात्री करत होतो." त्यानं अर्ज खाली ठेवला. "हे बघ मझूर, इथं बातम्या नाहीत. एका झडपेवर चौदा पानं असतात. तुझ्या वयाला डोळे टिकतील का?"

"तुझ्याच वयाचे आहेत. तुझे टिकलेत ना?"

"ड्वाइट," कोर्टनी घाईघाईनं म्हणाली, "वयाचा प्रश्न आपण विचारत नाही. कायद्यानं." मग तिनं समोरच्या छापील कागदावर बोट फिरवलं. त्यावरचे प्रश्न प्रत्येक उमेदवाराला एकाच क्रमानं विचारायचे होते. "हां, हे घ्या. तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा, आणि तिच्यातून तुम्ही काय शिकलात ते सांगा."

हॅनलननं पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. तो लोरेटाकडे बघत नव्हता, टेबलाच्या कडेकडे बघत होता. सहा वर्षांत पहिल्यांदा तो तिच्या मुठीत होता, आणि हे दोघांनाही कळत होतं. फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

"सहा वर्षांपूर्वी मी एका पानावर न वाचता आद्याक्षरं टाकली," लोरेटा म्हणाली. "एका भल्या माणसाचा फोटो दारुड्याच्या बातमीत गेला. त्याची नोकरी गेली."

"बाप रे," कोर्टनी म्हणाली. "न वाचता का टाकलीत?"

"आधी दुसऱ्या एकाची अक्षरं होती. मला वाटलं, त्यानं वाचलंय."

"त्या दुसऱ्याचं काय झालं?"

हॅनलनचं पेन थांबलं.

"त्याचं काही झालं नाही," लोरेटा म्हणाली. "शेवटची अक्षरं माझी होती."

पुढे कुणी म्हणेल, काय मोठं मन! मोठं मन वगैरे काही नव्हतं. तिला ती खुर्ची हवी होती, आणि खुर्ची देणाऱ्याचंच नाव घेऊन ती मिळाली नसती. घरी जाताना बसमध्ये तिला स्वतःचीच इतकी शिसारी आली की तिनं आपला थांबा चुकवला.

त्याआधी, मुलाखत संपल्या संपल्या, परीक्षा झाली. हॅनलननं सहा पानं आणि एक तास दिला आणि पन्नासाव्या मिनिटाला परत घ्यायला आला. या धंद्यात लेखकाचं म्हणणं परस्पर बदलायचं नसतं. शंका आली तर समासात प्रश्न लिहायचा आणि उत्तर येईपर्यंत पान सोडायचं नाही. लोरेटानं समासात तेवीस प्रश्न लिहिले होते.

"तेवीस? लेखक वैतागेल," हॅनलन म्हणाला.

"वैतागू दे. भाजण्यापेक्षा बरं."

गुरुवारी दुपारी काउंटरवर असताना तिचा फोन वाजला. समोर डेलबर्ट रूल उभा होता आणि यंत्रावर त्याचं हॅम अर्धवट कापून राहिलं होतं.

"अभिनंदन!" कोर्टनीचा आवाज आला. "सोमवारपासून या. खरं सांगू? माझं मत दुसऱ्या मुलीला होतं. पण ड्वाइट अडूनच बसले. म्हणाले, ही बाई भरवशाची आहे, बोभाटा करत नाही."

"बरं," लोरेटा म्हणाली.

"काही चांगली बातमी का, मॅडम?" रूलनं विचारलं.

"नोकरी लागली. वाचायची."

"छान झालं की! वाचायचं काम चांगलं. उबेत बसून होतं." त्यानं पुडी घेतली. "उपकार झाले, मॅडम."

लोरेटानं यंत्र बंद केलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

शुक्रवारी ती बहीण टेरीबरोबर चर्चच्या तळघरात मासे खायला गेली. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस होते. अर्धा मोहल्ला तिथं तळलेल्या माशांच्या ताटांवर तुटून पडला होता. टेरीनं सगळं ऐकून घेतलं आणि काटा खाली ठेवला.

"हॅनलननं तुला घेतलं? त्या हॅनलननं?"

"हो."

"लोरी, यात काहीतरी पाणी मुरतंय."

"त्याला लाज वाटली असेल. उशिरा का होईना."

"लाज? अगं, त्या माणसानं आपल्या बायकोच्या मयतीला आलेल्या केकचे डबे परत दिले नाहीत. चार डबे माझे होते." टेरीनं लिंबू पिळलं. "त्याला तुझी गरज आहे. कसली ते बघ आधी."

हॅलिडे-क्रोनमध्ये लोरेटाचं स्वागत झालं ते असं, की तिला गळ्यात घालायला 'पाहुणा' लिहिलेली पट्टी मिळाली आणि ती शेवटपर्यंत बदलली नाही. दार उघडायला दर वेळी टेबलामागच्या त्या मुलीला हाक मारावी लागायची, आणि मुलगी दर वेळी उसासा टाकायची. रजेवर गेलेल्या शॅननच्या टेबलावर पिवळ्या चिठ्ठ्या होत्या: 'खण उघडू नये', 'खुर्चीची उंची बदलू नये', 'रोपाला पाणी फक्त मीच घालते'. बाई अकरा आठवडे येणार नव्हती, तरी रोपाला पाणी तीच घालणार होती. कॉफीच्या खोलीत गेलं की गप्पा थांबायच्या. "तात्पुरती आहे ती," असं कुणीतरी दाराबाहेर पुरेसं मोठ्यानं म्हणायचं.

लोरेटाही काही गरीब गाय नव्हती. तिनं पहिल्याच दिवशी खुर्चीची उंची बदलली.

कामाची रीत इथंही तीच होती. बॉयलर बनवणाऱ्या गिऱ्हाइकाची अट होती की प्रत्येक पानावर दोन वेगवेगळ्या माणसांची आद्याक्षरं हवीत, नाहीतर पुस्तक परत. पहिल्या दोन आठवड्यांत हॅनलनकडून पानं थोडी थोडी यायची. लोरेटा ती वाचायची, समासात प्रश्न लिहायची, इंजिनिअरांची उत्तरं आली की अक्षरं टाकायची. हॅनलन प्रश्नांकडे बघून नाक मुरडायचा.

"मझूर, हे काय वर्तमानपत्र आहे का खोदून काढायला?"

"नाही. म्हणून तर खरं असायला हवं."

तो गेला की ती परत खाली मान घालायची. वाचताना तिला बरं वाटायचं, हे कबूल करायला हवं. तीन वर्षांनी हातात पेन्सिल आली होती. एकेका ओळीवर डोळा ठेवून पुढे सरकताना तिच्या मनातला कलकलाट थांबायचा. नऊ आठवडे अजून काढले की पत्र मिळणार होतं. मग ती दुसरीकडे जाणार होती, जिथं हॅनलन नसेल.

तिसऱ्या आठवड्यात गुरुवारी दुपारी तीन वाजता हॅनलन बासष्ट पानांचा गठ्ठा घेऊन आला आणि तिच्या टेबलावर ठेवला. शाळांमधल्या बॉयलरचं पुस्तक. गिऱ्हाइकाचा माणूस सहा वाजता न्यायला येणार होता. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात 'डी. एच.' होतं, सगळं एकाच शाईत, एकाच वळणाचं.

"अक्षरं टाक," तो म्हणाला.

लोरेटानं गठ्ठ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. "मी वाचलेलं नाही."

"मी वाचलंय ना."

"बासष्ट पानं तीन तासांत मी वाचून पुरी करू शकत नाही."

"म्हणूनच म्हणतोय, टाक." त्यानं आवाज खाली आणला. "मझूर, उगाच नखरे नकोत. तुला इथं का घेतलं असं वाटतं? तुझे तेवीस प्रश्न आवडले म्हणून? त्या दिवशी आयव्हर्सनपुढे गप्प राहिलीस, तेव्हा मी म्हटलं, ही समजूतदार आहे. शॅननही सुरुवातीला कुरकुरायची. मग शिकली. अकरा आठवडे नीट काढ, झकास पत्र लिहून देतो. हवं तर तूच लिही, मी सही करतो."

टेरीनं म्हटलेलं पाणी कुठं मुरत होतं ते आता दिसलं. त्याला वाचणारी बाई नको होती. त्याला दुसरी दोन अक्षरं हवी होती, आणि ती निमूटपणे टाकणारा हात. लोरेटाचं सगळं अंग तापलं. तिला हवं असलेलं पत्र समोर होतं, आणि ते मिळवायचं तर ज्या कृत्याचा डाग त्या पत्रानं पुसायचा होता तेच परत करायचं होतं, एकदा नाही, बासष्ट वेळा.

तिनं पेन्सिल ठेवली आणि खुर्ची मागे सारली. "तूच वाच," ती म्हणाली.

"काय?"

"मोठ्यानं वाच. मी इंजिनिअरची मूळ प्रत धरते. जुन्या छापखान्यांत वाचायचे तसं. एक वाचतो, विरामचिन्हांसकट, दुसरा मूळ प्रतीवर बोट ठेवतो. सहापर्यंत जेवढं होईल तेवढं. बाकीचं उद्या."

"तुला वेड लागलंय. उद्या नाही चालणार."

"मग तुझी अक्षरं दोनदा टाक."

"मझूर, तू इथं पाहुणी आहेस. उद्याच तुझा शेवटचा दिवस करायला मला एक फोन पुरतो."

"कर. तोवर वाच."

आवाज चढले होते. पलीकडच्या टेबलांवरच्या माना वळल्या, आणि कोर्टनी आपल्या खोलीतून बाहेर आली. "सगळं ठीक ना?"

"ठीक आहे," लोरेटा म्हणाली. "ड्वाइट पानं मोठ्यानं वाचणार आहेत आणि मी मूळ प्रतीशी ताडून बघणार आहे. जुनी पद्धत. वेळ लागतो, पण काही सुटत नाही."

"अरे वा," कोर्टनी म्हणाली. "ड्वाइट, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत! मी पण ऐकते थोडं." आणि ती टेबलाला टेकून उभी राहिली.

आता हॅनलन काय म्हणणार होता? न वाचता अक्षरं टाकायला सांगतोय असं? त्यानं कुणाची तरी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि पहिलं पान उचललं.

"दार आणि झाकण, पूर्णविराम. बॉयलरचं दार उघडण्यापूर्वी, स्वल्पविराम, ज्वाळा बंद असल्याची खात्री करा, पूर्णविराम."

अख्खं ऑफिस ऐकत होतं. दहा मिनिटांनी कोर्टनी कंटाळून गेली, पण दार उघडं ठेवून. हॅनलनच्या आवाजाला धार होती. प्रत्येक पूर्णविराम तो लोरेटाच्या तोंडावर फेकत होता. लोरेटा मूळ प्रतीवर बोट सरकवत होती आणि वर बघत नव्हती. पाचव्या पानाशी त्याचा घसा कोरडा पडला. तिनं त्याला पाणी दिलं नाही. नवव्या पानापासून तिच्या लक्षात काहीतरी येऊ लागलं. तो अडखळत होता. लांब शब्दांशी थांबत होता, वाक्य कुठं जाणार ते ठाऊक नसल्यासारखा चुकीच्या जागी श्वास घेत होता. एकदा वाचलेलं पान माणूस असं वाचत नाही.

एकोणिसाव्या पानावर तो म्हणाला, "पायरी चार, पूर्णविराम. पाणी सोडण्याची नळी जोडा, पूर्णविराम. पायरी पाच, पूर्णविराम. दार उघडा—"

"थांब," लोरेटा म्हणाली.

"काय झालं?"

"पायरी पाच ती नाही. इथं पाच म्हणजे, वाफेची झडप उघडा आणि दाबाचा काटा शून्यावर येईपर्यंत थांबा. दार उघडा ही सहा."

हॅनलननं पानाकडे पाहिलं. पान लावणाऱ्यानं एक ओळ गाळली होती आणि पुढचे आकडे एकानं कमी करून टाकले होते, त्यामुळे पान दिसायला अगदी साजरं होतं. शिट्टीचा कुकर वाफ न सोडता उघडला तर काय होतं हे कुठल्याही बाईला विचारा. इथं तर शाळेच्या तळघरातला बॉयलर होता, खोलीएवढा. आणि पानाच्या कोपऱ्यात 'डी. एच.' होतं.

त्यानं चष्मा काढला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"तू हे पान वाचलं नव्हतंस," लोरेटा म्हणाली.

तो पान गठ्ठ्यावर ठेवून कडा जुळवायला लागला.

"यातलं एकही वाचलं नव्हतंस."

"हळू बोल."

"आणि रूलचं?"

तिला स्वतःलाच कळलं नाही हा प्रश्न तोंडातून कसा निघाला. हॅनलननं मान वर केली. चिडलेला, थकलेला म्हातारा दिसत होता तो, घारीचे डोळे वगैरे काही नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

"तुझी अक्षरं होती त्यावर."

"केक कापत होते. छपाईवाल्यांचा तिसरा फोन होता." त्यानं कपाळ चोळलं. "मी टाकली, कारण पुढे पान तुझ्याकडे जायचं होतं. तू तर नेहमी वाचायचीस, मझूर. अख्ख्या डेस्कवर तू एकटीच नेहमी वाचायचीस."

लोरेटानं मूळ प्रतीवरचं बोट उचललं. सहा वर्षं ती धरून चालली होती की एका माणसानं ते पान वाचलं आणि त्याला दिसलं नाही. चूक झाली, नजरचूक, माणसाची होते. त्यावरच तिचा सगळा राग उभा होता. आणि आता कळत होतं की डेलबर्ट रूलच्या त्या हसऱ्या चेहऱ्याकडे, गळ्यातल्या पदकाकडे, छापलं जाण्यापूर्वी कुणी पाहिलंच नव्हतं. एकानं दुसरीच्या भरवशावर लिहिलं, दुसरीनं पहिल्याच्या. मधे कुणीच नव्हतं. आणि हॅनलन निदान एका वाचणाऱ्या बाईवर विसंबला होता; ती तर नुसत्या दोन अक्षरांवर विसंबली होती. तिनं नजर फक्त फोटोकडे वळवली असती तरी पुरलं असतं.

तिला रडू आलं नाही. घाण वाटली, नखशिखांत.

"आता काय, आयव्हर्सनला सांगणार?" हॅनलननं विचारलं.

"सांगणार. तुझं सांगणार आणि माझंही सांगणार. पत्र राहू दे तुझ्याकडे." तिनं एकोणिसाव्या पानाच्या समासात गाळलेली ओळ लिहिली. मग तीच ओळ परत, जास्त सुवाच्य लिहिली. "त्रेचाळीस पानं राहिलीत. पुढचं वाच."

"सहा वाजेपर्यंत होणार नाहीत."

"नाही होणार. वाच."

हॅनलननं चष्मा लावला आणि विसावं पान उचललं.